‘त्याला काय, सुखी जीव!’ : बौद्धिक अक्षमता, सोपे आयुष्य आणि इतिहासाची साक्ष

१/
ज्याला फारसे कळत नाही, त्याचे आयुष्य सोपे की अवघड? हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. महाभारताच्या शांतिपर्वात एक प्रसिद्ध विचार आला आहे. जगात दोघेच सुखी असतात, एक अत्यंत मूढ आणि दुसरा बुद्धीच्या पलीकडे पोचलेला. मधले सारे क्लेश भोगतात. हाच विचार भागवताच्या तिसऱ्या स्कंधातही आढळतो. ‘त्याला काय, सुखी जीव!’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य या विचाराचेच बोलभाषेतील रूप आहे.

२/
याच्या अगदी उलट मत पंचतंत्राच्या आरंभी आहे. दक्षिण देशातील महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती आपल्या तीन मंदबुद्धी पुत्रांकडे पाहून विलाप करतो. न जन्मलेला, जन्मून मेलेला आणि मूर्ख निघालेला असे तीन प्रकारचे पुत्र त्याच्यासमोर आहेत. त्यांपैकी पहिले दोन त्याला बरे वाटतात, कारण त्यांचे दुःख एकदाच होते. तिसरा मात्र जन्मभर जाळतो.

३/
एक मत म्हणते, मूढ माणसासारखा सुखी कोणी नाही. दुसरे म्हणते, असे जगण्यापेक्षा मरण बरे. मते परस्परविरोधी असली तरी त्यांत एक साम्य आहे. ज्याच्या आयुष्याविषयी हा निवाडा चालला आहे, त्याला कोणी काहीच विचारलेले नाही. पुढे अनेक देशांनी या दोन मतांपैकी एकेकावर कायदे रचले, संस्था उभारल्या, शस्त्रक्रियाही केल्या. त्यातून काय घडले, त्याचा हा धागा.

४/
प्रथम शब्दांविषयी. मराठीत एकेकाळी खुळा, वेडसर, भोळसर असे सैल शब्द होते. पुढे शासकीय व्यवहारात ‘मतिमंद’ आला, बोलताना ‘गतिमंद’ रुळला आणि आता ‘बौद्धिक अक्षमता’ किंवा ‘बौद्धिक दिव्यांग’ असे म्हटले जाते. मानसिक आजार ही निराळी गोष्ट आहे. आजार आयुष्यात केव्हाही होऊ शकतो आणि बराही होऊ शकतो. बौद्धिक अक्षमता बालपणापासून असते आणि शिकणे, समजणे व दैनंदिन व्यवहार या सर्वांशी तिचा संबंध असतो. हा भेद मात्र कायद्याने फार प्राचीन काळी ओळखला होता, आणि त्याचे कारण दयेचे नसून जमिनीचे होते.

५/
चौदाव्या शतकातील इंग्लंडचा एक दस्तऐवज राजाचे विशेषाधिकार सांगतो. जन्मतः मूढ असलेल्या व्यक्तीची जमीन राजाच्या ताब्यात जाई; त्या व्यक्तीचा निर्वाह करून उरलेले उत्पन्न राजा ठेवून घेई. पुढे वेड लागलेल्या माणसाच्या जमिनीचे उत्पन्न मात्र राजाला घेता येत नसे, कारण तो माणूस बरा होण्याची शक्यता असे. मग मूढ कोण, हे ठरवायचे कसे? सोळाव्या शतकातील विधिज्ञ फिट्झहर्बर्ट यांनी खुणा सांगितल्या: वीस नाणी मोजता न येणे, आईबापांची नावे सांगता न येणे, स्वतःचे वय ठाऊक नसणे.

६/
या खुणांत निरक्षरता नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या समाजात बहुसंख्य लोक निरक्षर होते, तिथे अक्षर न येणारा वेगळा दिसतच नसे. गुरे राखणे, पाणी भरणे, मळणी करणे या कामांत सौम्य अक्षमतेची व्यक्ती सहज मिसळून जाई. याचा अर्थ जुने गाव स्वर्ग होते असा नाही. चेष्टा, मारहाण, फुकट राबवून घेणे सर्वत्र होते. तीव्र अक्षमतेची मुले तर फार काळ जगतच नसत. तरीही ‘अक्षम’ ठरणाऱ्यांची संख्या तेव्हा कमी होती, कारण मापणारी पट्टी निराळी होती.

७/
ही पट्टी बदलली शाळेने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात प्राथमिक शिक्षण सक्तीचे होऊ लागले. फ्रान्समध्ये तो कायदा १८८२ चा. सर्व मुले एका वर्गात, एका वेगाने, एकच पुस्तक शिकू लागली आणि मागे राहणारे मूल प्रथमच ठळकपणे दिसू लागले. अशी मुले ओळखता यावीत म्हणून आल्फ्रेद बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली. बिने यांचा हेतू या मुलांना वेगळी मदत मिळावी हा होता. बुद्धी ही जन्मभराची न बदलणारी राशी आहे, हे त्यांना मान्य नव्हते.

८/
या मुलांना शिकवता येते, हे तोवर सिद्धही झाले होते. पॅरिसचे वैद्य ज्याँ इतार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी आव्हेरोंच्या रानात सापडलेल्या मुलाला काही वर्षे चिकाटीने शिकवले. त्यांचे शिष्य एदुआर सेगँ यांनी त्यातून स्पर्श, हालचाल आणि इंद्रियांच्या आधारे शिकवण्याची सुसंगत पद्धत उभी केली. शतकाच्या अखेरीस रोममधील एका तरुण डॉक्टर बाईंनी या दोघांचे लेखन स्वतःच्या हाताने उतरवून काढले. त्यांचे नाव मारिया माँटेसरी.

९/
ज्यांना ‘न शिकणारी’ म्हणून वेगळे काढले होते, अशा मुलांना माँटेसरी शिकवत होत्या. त्यांपैकी काही मुले लेखन-वाचनाच्या सार्वजनिक परीक्षेत उत्तीर्ण झाली. सारे त्या मुलांचे कौतुक करत असताना माँटेसरींना मात्र निराळाच प्रश्न पडला. ही मुले इथवर पोचतात, तर मग सामान्य शाळांत सुदृढ मुलांना नेमके कोण मागे खेचते? १९०७ मध्ये त्यांनी सामान्य मुलांसाठी ‘बालगृह’ काढले ते हीच साधने घेऊन. पुढे ताराबाई मोडकांच्या कार्यातून या पद्धतीचा संस्कार महाराष्ट्रातील बालवाडीपर्यंत पोचला. खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवत ‘अ’ शिकणाऱ्या मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या त्या ‘मंदबुद्धी’ मुलांच्या ऋणी आहेत.

१०/
बिने यांची श्रेणी अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेली आणि तिचा हेतू पालटला. न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथील संस्थेत हेन्री गॉडार्ड यांनी ती वापरली. १९१० मध्ये त्यांनी सौम्य अक्षमतेसाठी ग्रीक धातूवरून ‘मोरॉन’ हा शब्द घडवला. इंग्रजीत आज शिवी म्हणून वापरला जाणारा हा शब्द मुळात असा वैद्यकीय संज्ञा म्हणून जन्मला. ही माणसे दिसायला इतरांसारखीच असतात, म्हणून अधिक धोकादायक. त्यांची संतती वाढली तर समाज बुडेल, अशी ही मांडणी होती. गॉडार्ड यांनी १९२८ च्या सुमारास आपली बरीचशी मते मागे घेतली. तोवर कायदे होऊन गेले होते.

११/
त्या कायद्यांचा चेहरा म्हणजे कॅरी बक. १९०६ मध्ये व्हर्जिनियात जन्मलेली ही मुलगी दुसऱ्या कुटुंबात वाढली. सहाव्या इयत्तेनंतर तिला घरकामासाठी शाळेतून काढण्यात आले. सतराव्या वर्षी ती गरोदर राहिली; त्या कुटुंबाच्या नातेवाईकाने बलात्कार केला, असे तिचे सांगणे होते. कुटुंबाने तिला ‘मंदबुद्धी’ ठरवून लिंचबर्गजवळच्या सरकारी वसाहतीत धाडले. तिची आई आधीपासूनच तिथे होती. बाळ व्हिव्हियन त्याच कुटुंबात राहिले.

१२/
व्हर्जिनियाने १९२४ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला होता आणि तो न्यायालयात टिकतो का, हे पाहण्यासाठी एक खटला हवा होता. कॅरी त्यासाठी निवडली गेली. तिची बाजू मांडणारा वकील हा त्याच वसाहतीच्या संचालक मंडळाचा माजी सदस्य होता. त्याने तिच्या बाजूने एकही साक्षीदार उभा केला नाही. काही महिन्यांच्या व्हिव्हियनकडे पाहून ‘हे मूल काहीसे वेगळे दिसते’ अशी साक्ष झाली आणि तिसरी पिढीही मंद ठरली.

१३/
२ मे १९२७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने कायदा वैध ठरवला. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी मूढांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या, अशा आशयाचा शेरा लिहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅरीवर शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी तिची बहीण डोरिस हिच्यावरही झाली. तिला अपेंडिक्सचे ऑपरेशन असल्याचे सांगण्यात आले. लग्नानंतर मूल का होत नाही, या विवंचनेत डोरिसने आयुष्य काढले. सत्य तिला कळले ते सुमारे अर्धशतकानंतर.

१४/
व्हिव्हियन आठव्या वर्षी आजाराने वारली. शाळेच्या नोंदींनुसार ती गुणवंतांच्या यादीत झळकली होती. कॅरीला ओळखणारे सांगत की ती वृत्तपत्रे वाचणारी, शब्दकोडी सोडवणारी स्त्री होती. म्हणून ही कथा सहसा ‘शहाण्या मुलीला चुकून मंद ठरवले’ अशी सांगितली जाते. ते खरेच आहे, पण अपुरे आहे. कॅरी खरोखर अक्षम असती तर तो निकाल न्याय्य ठरला असता काय? अमेरिकेत या कायद्यांखाली ६०,००० हून अधिक लोकांची नसबंदी झाली. त्यांत खरोखर अक्षमता असलेलेही अनेक होते. त्यांच्यावरचा अन्याय कॅरीवरच्या अन्यायापेक्षा लहान नव्हता.

१५/
राजा अमरशक्तीचा विलाप शब्दशः अमलात आणला तो जर्मनीने. जुलै १९३३ मधील कायद्यानुसार सुमारे चार लाख लोकांची नसबंदी झाली. त्यांत सर्वाधिक वापरलेले निदान ‘जन्मजात मंदबुद्धी’ हे होते. १९३९ पासून त्याची परिणती हत्येत झाली. बर्लिनमधील टियरगार्टनस्ट्रासे ४ या पत्त्यावरून ‘टी-४’ हे नाव पडलेल्या मोहिमेत १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत ७०,००० हून अधिक रुग्ण व अक्षम व्यक्ती विषारी वायूने मारल्या गेल्या. घरच्यांना खोट्या आजाराचे मृत्युपत्र टपालाने येई.

१६/
या हत्यांना दिलेले नाव होते ‘दयामृत्यू’. ‘त्यांचे आयुष्य जगण्यालायक नाही’ हे गृहीतक, आणि सोबतीला खर्चाचा हिशोब. शाळेच्या गणिताच्या पुस्तकांतही अशा रुग्णांवरील खर्चाची उदाहरणे घातली गेली. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी उघड प्रवचनात या हत्यांचा धिक्कार केला. त्याच महिन्यात वायुकक्षांची मोहीम अधिकृतपणे थांबवण्यात आली. उपासमार आणि औषधांच्या मात्रांनी मारणे मात्र युद्ध संपेपर्यंत चालू राहिले. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यांत बचाव पक्षाने कॅरी बकच्या निकालाचा दाखला दिला.

१७/
त्याच काळात, जर्मनीच्या शेजारीच, एक गाव निराळ्या रीतीने जगत होते. बेल्जियमच्या अँटवर्प प्रांतातील गील. संत डिंफ्ना हिच्या समाधीपाशी मनोरुग्णांना आणण्याची प्रथा तिथे मध्ययुगापासून होती. देवळात जागा पुरेना, तेव्हा गावकरी यात्रेकरूंना घरी ठेवून घेऊ लागले. त्यातूनच एक परंपरा उभी राहिली: मनोरुग्ण आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना कुटुंबात ठेवून घेण्याची. १८५० च्या कायद्याने तिच्यावर सरकारी देखरेख आली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे ३,८०० लोक अशा घरांत राहत होते.

१८/
गावात त्यांना ‘रुग्ण’ म्हणत नसत. त्यांच्यासाठीचा शब्द ‘घरी जेवणाराहणारा’ असा होता. ते शेतात काम करत, मुले सांभाळत, देवळात जात. यजमान मेला तर त्याची मुलगी किंवा सून त्याच माणसाला पुढे सांभाळी. गीललाही आदर्श मानण्याचे कारण नाही. कुटुंबांना पैसे मिळत, शेतीला हात मिळत, आणि सर्व घरे सारखी चांगली नसत. पण एक गोष्ट तिथे नव्हती: विचित्र वागणाऱ्या माणसाचे भय. शेकडो वर्षे शेजारी राहिल्याने त्यात विचित्र असे काही उरले नव्हते.

१९/
दोन्ही ठिकाणी माणसे एकाच प्रकारची होती. त्यांची आकलनशक्ती गीलमध्ये वाढली नव्हती, लिंचबर्गमध्ये घटली नव्हती. तरीही एकीकडे सकाळी उठून गाय चारायला नेणारा घरचा माणूस होता, दुसरीकडे कुंपणाआड क्रमांक लावून ठेवलेला कैदी. ‘आयुष्य सोपे की अवघड’ या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच मिळते. उरलेले निम्मे मात्र शरीराशी निगडित आहे आणि ते टाळता येत नाही.

२०/
डाउन सिंड्रोमचे उदाहरण पाहू. या अवस्थेत हृदयविकारासारखे दोष जन्मतःच अनेकदा असतात. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अशा व्यक्तींचे सरासरी आयुर्मान दहा वर्षांच्या आसपास होते. अमेरिकेत १९८३ मध्ये ते २५ वर्षांवर आले आणि आज ६० च्या आसपास आहे. प्रतिजैविके आणि हृदयशस्त्रक्रिया ही त्याची कारणे आहेतच. पण उपचार उपलब्ध असूनही ते नाकारले जात, हेही तितकेच खरे. १९८२ मध्ये अमेरिकेच्या इंडियाना राज्यात डाउन सिंड्रोम असलेल्या एका नवजात बाळाच्या अन्ननलिकेची शस्त्रक्रिया आईवडिलांनी नाकारली, न्यायालयाने त्यांना तो अधिकार दिला आणि बाळ सहा दिवसांत गेले. वरवर जैविक भासणाऱ्या अडचणीतही माणसांचा निर्णय दडलेला असतो, तो असा.

२१/
भारताकडे वळू. १९१२ च्या लुनसी कायद्याने जन्मतः अक्षम आणि मनोरुग्ण यांना एकाच व्याख्येत बसवले. परिणामी, उपचारांनी बरे होण्याचा प्रश्नच नसलेल्या व्यक्तीही वेड्यांच्या इस्पितळात दाखल होत. हा गोंधळ दूर झाला तो १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने. सुप्रजाशास्त्राचा विचारही इथे पोचला होता. डॉ. ए. पी. पिल्लई यांचे ‘मॅरेज हायजीन’ हे नियतकालिक १९३४ पासून मुंबईतून निघू लागले आणि त्यात या विषयाला मोठे स्थान होते. अमेरिकेसारखा सक्तीचा कायदा मात्र इथे झाला नाही.

२२/
कायदा झाला नाही, पण सोयही झाली नाही. जे झाले ते प्रामुख्याने पालकांनी केले. मुंबईत १९४४ मध्ये जय वकील यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी घरीच शाळा सुरू केली. शिवडीची ‘जय वकील’ संस्था ती हीच. पुण्यात १९६४ मध्ये ‘कामायनी’ उभी राहिली. अशा शाळांनी अक्षरओळखीइतकेच महत्त्व कपडे घालणे, पैसे ओळखणे, बसने जाणे, कार्यशाळेत काम करून मजुरी मिळवणे याला दिले. बाहेरच्याला या गोष्टी क्षुल्लक वाटतील. परंतु आयुष्य सोपे होते ते नेमके यांनीच.

२३/
याच महाराष्ट्रात फेब्रुवारी १९९४ मध्ये एक प्रकरण देशभर गाजले. पुणे जिल्ह्यातील शिरूर येथे मतिमंद मुलींचे शासकीय वसतिगृह होते. तेथील काही मुली आणि तरुणींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. कारण सांगितले गेले ते असे: मासिक पाळीच्या काळातील स्वच्छता त्यांना जमत नाही. महिला संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी तीव्र विरोध केला. उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या, प्रकरण न्यायालयातही गेले.

२४/
समर्थन करणारे क्रूर नव्हते. त्यांचा युक्तिवाद मुलींच्या सोयीचाच होता: त्रास कमी होईल, आयुष्य सोपे होईल. विरोधकांनी प्रश्न विचारला, आयुष्य सोपे होईल ते कोणाचे? पाळीची स्वच्छता पुष्कळ मुलींना हळूहळू शिकवता येते. त्याला हवेत पुरेसे कर्मचारी, पाणी, कपडे आणि धीर. गर्भाशय काढल्याने अत्याचाराची भीतीही टळत नाही, केवळ त्याचा पुरावा नाहीसा होतो. ज्या गोष्टींचा तुटवडा वसतिगृहात होता, त्याची किंमत मुलींच्या शरीराने चुकवली. लिंचबर्ग आणि शिरूर यांत सत्तर वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर असले, तरी ही वाक्यरचना ओळखीची वाटते.

२५/
२००९ मध्ये तीच वाक्यरचना सर्वोच्च न्यायालयासमोर आली. चंदीगडच्या सरकारी संस्थेत राहणाऱ्या, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या एका अनाथ तरुणीवर तिथेच बलात्कार झाला आणि ती गरोदर राहिली. ‘तिला मूल सांभाळणे झेपणार नाही’ म्हणून उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. तिला विचारले असता तिला मूल हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. २००२ च्या दुरुस्तीनंतर गर्भपात कायद्यातील पालकाच्या संमतीची सवलत मनोरुग्ण स्त्रीपुरती आहे. बौद्धिक अक्षमता ही निराळी, म्हणून या प्रौढ स्त्रीची संमती अनिवार्य, असा निर्णय झाला. विसाव्या शतकातील सुप्रजावादी कायद्यांची आठवण काढून न्यायालयाने त्यांना समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवले.

२६/
‘तिला विचारले असता’ या तीन शब्दांना यायला फार काळ लागला. स्वीडनमध्ये बेंग्ट निर्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाअखेरीस बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्याच परिषदा भरवल्या. १९७० ची माल्मो येथील परिषद विशेष गाजली. आपल्याला काय हवे, हे प्रतिनिधींनी स्वतः मांडले. मोठ्या घोळक्याने रस्त्यावरून नेले जाणे त्यांना नको होते. काम निवडण्याची मुभा हवी होती. आवडत्या व्यक्तीसोबत राहण्याचा अधिकार हवा होता. मागण्यांत कुठेही अलौकिक असे काही नव्हते. १९७४ मध्ये अमेरिकेतील ओरेगन येथे अशाच चळवळीने ‘पीपल फर्स्ट’ हे नाव घेतले. ‘आम्ही आधी माणसे आहोत’ हा त्याचा मथितार्थ.

२७/
माल्मोची ती यादी ‘सुखी जीव’ या कल्पनेला परस्पर उत्तर देते. ज्याला काही कळत नाही त्याला घोळक्याची लाज वाटली नसती. चिडवणे कळते, टाळणे कळते, भावंडांची लग्ने होतात आणि आपले होत नाही हेही कळते. नैराश्य आणि चिंता या विकारांपासून बौद्धिक अक्षमता संरक्षण देत नाही. उलट, दुःख शब्दांत सांगता आले नाही की ते ‘हट्टीपणा’ म्हणून नोंदले जाते आणि उपचार लांबतात. अत्याचाराचा धोकाही या व्यक्तींना अधिक असतो, कारण त्यांच्या सांगण्यावर विश्वास कमी ठेवला जातो.

२८/
आणि राजा अमरशक्तीच्या विलापालाही उत्तर आहे. २०११ मध्ये ब्रायन स्कॉटको आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील डाउन सिंड्रोम असलेल्या, १२ वर्षांवरील २८४ व्यक्तींना त्यांच्याच आयुष्याविषयी विचारले. ९९ टक्क्यांनी आपण आयुष्यात आनंदी असल्याचे सांगितले. ९७ टक्क्यांना आपण जसे आहोत तसे आवडत होते. ही मंडळी साहाय्य संस्थांशी जोडलेल्या कुटुंबांतील होती, हे विसरता कामा नये. एकाकी किंवा संस्थेत टाकून दिलेल्यांचे उत्तर निराळे असू शकेल. पण तेच तर सूत्र आहे. आधार असलेल्या घरात ‘हे जगणे मरणाहून वाईट’ हा निवाडा टिकत नाही.

२९/
२०११ च्या जनगणनेत भारतात अशा व्यक्तींची नोंद १५ लाखांहून अधिक झाली. त्यांच्या पालकांना छळणारा प्रश्न एकच असतो: ‘आमच्यानंतर काय?’ १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने कायदेशीर पालकत्वाची व्यवस्था केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने कायद्यापुढे बरोबरीचे स्थान मान्य केले. मात्र पालकत्व म्हणजे दुसऱ्याने निर्णय घेणे, आणि हक्क म्हणजे आधार घेऊन स्वतः निर्णय घेणे. या दोहोंतील ओढाताण अजून सुटलेली नाही. वृद्ध आईबापांसाठी ती पुस्तकी चर्चा नसून रोज रात्रीची झोप आहे.

३०/
तेव्हा सोपे की अवघड? आकलन कमी असण्याची स्वतःची अशी अडचण आहे. ती प्रेमाने नाहीशी होत नाही. परंतु इतिहासात जी दुःखे मोजता येतात, म्हणजे वसाहती, नसबंदी, वायुकक्ष, शिरूर, त्यांपैकी एकही कमी आकलनातून उपजले नाही. ती सारी पुरेशा आकलनाच्या माणसांनी, विचारपूर्वक, बहुधा सद्हेतूच्या भाषेत घडवली.

३१/
पंचतंत्राची गोष्ट विलापाशी संपत नाही, हे मात्र बहुतेकांच्या ध्यानातून निसटते. विष्णुशर्मा नावाचा वृद्ध ब्राह्मण पुढे येतो आणि सहा महिन्यांची मुदत मागतो. राजपुत्रांना तो शास्त्रांचे ग्रंथ घोकायला लावत नाही. कोल्हे, कावळे, माकडे, मगरी यांच्या कथा सांगतो. राजपुत्र तेच राहतात, शिकवणे बदलते. जगभरच्या मुलांनी वाचलेला कथासंग्रह मुळात तीन ‘मंदबुद्धी’ मुलांसाठी रचला गेला, असे तो ग्रंथच सांगतो.